टोपी लावून घेतलेली परीक्षा

अंधारात खडीसाखर फोडली की क्षणभर निळसर उजेड दिसतो, हे पुष्कळांनी ऐकलेले असते. प्रत्यक्ष पाहिलेले थोडेच. स्फटिक तुटताना नव्याने उघड्या पडलेल्या पृष्ठभागांवर विरुद्ध विद्युतभार साठतात, मधल्या हवेतून अगदी बारीक ठिणगी पडते आणि हवेतला नायट्रोजन उजळतो. काही वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका विज्ञान शिबिरात नववीच्या मुलांनी हा उजेड डिजिटल कॅमकॉर्डरवर टिपायचे ठरवले. खोलीच्या खिडक्यांना काळा कागद लावला, कॅमेरा टेबलावर पक्का बसवला, आणि एकाने अडकित्त्यात एकेक खडा धरून फोडायला सुरुवात केली.

संध्याकाळी चित्रण टीव्हीवर लावले. काळ्या पडद्यावर एक निळसर ठिपका स्पष्ट दिसत होता. टाळ्या पडल्या. आम्हीही वाजवल्या. मग मागे बसलेली एक मुलगी म्हणाली, "सर, पण अडकित्ता दाबायच्या आधीपण हा ठिपका आहे की!"

चित्रण मागे नेऊन पाहिले. ठिपका होता. पहिला खडा हातात घेण्याच्याही आधीपासून तो तिथेच होता. तो खडीसाखरेचा उजेड नव्हता; कॅमेऱ्याच्या संवेदकातला दोष होता.

आम्हाला अधिक लागले ते दुसऱ्याच गोष्टीचे. शिबिराला निघण्यापूर्वी तो कॅमेरा आम्हीच तपासला होता आणि वहीत "संवेदक निर्दोष" असे लिहिले होते. तपासणीची पद्धत आमच्याच एका पानी सूचनापत्रातली होती, आणि ते पत्रक आम्ही त्याआधी बऱ्याच शिक्षकांना वाटले होते. म्हणून या लेखात टीका करायची आहे ती प्रथम त्या पत्रकावर. तीच पद्धत दुकानांत, कार्यशाळांत आणि खरेदीच्या सल्ल्यांत सर्रास सांगितली जाते, त्यामुळे टीका आमच्यापुरती राहत नाही एवढेच.

पद्धत काय सांगते?

पद्धत सोपी आहे. भिंगावर टोपी लावा, कॅमेरा चालू करा, पडद्याकडे दहा सेकंद पाहा. काळ्या पडद्यावर पांढरा किंवा रंगीत ठिपका दिसला तर संवेदकात दोष आहे. न दिसला तर संवेदक निर्दोष.

यातला पहिला भाग बराचसा बरोबर आहे. चूक आहे ती "न दिसला तर" या अर्ध्या वाक्यात. ती समजण्यासाठी संवेदकाचे काम थोडक्यात पाहू.

सीसीडी या संवेदकाची कल्पना विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत मांडली. या कामासाठी त्यांना २००९ सालच्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला. १९९५ पासून घरगुती वापरासाठी आलेल्या डीव्ही पद्धतीच्या कॅमकॉर्डरमध्ये बहुतेक ठिकाणी सीसीडीच असे. तिची तुलना अंगणात मांडून ठेवलेल्या वाट्यांशी करता येईल. प्रकाश पडला की सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि ज्या त्या वाटीत साठतात. ठरावीक वेळाने वाट्या ओळीने रिकाम्या करून कुठे किती साठले ते मोजायचे. त्या मोजमापाचे चित्र होते. एक वाटी म्हणजे एक चित्रबिंदू, अर्थात पिक्सेल.

पण इलेक्ट्रॉन मोकळे करायला प्रकाशच लागतो असे नाही. उष्णतेनेही ते मोकळे होतात. टोपी लावली तरी वाट्यांत थोडेथोडे काही तरी साठतच असते. याला अंधार-प्रवाह म्हणतात. एखाद्या वाटीच्या जागी स्फटिकाच्या रचनेत खोट असेल किंवा धातूचा अंश शिरला असेल, तर तिथला अंधार-प्रवाह शेजाऱ्यांच्या कितीतरी पट असतो. ती वाटी अंधारातही भरते आणि चित्रात ठिपका उमटतो. हाच हॉट पिक्सेल. टोपीची परीक्षा पकडते ती मुख्यतः याला.

पहिला आक्षेप : अर्ध्याच रोगांची तपासणी

जो चित्रबिंदू प्रकाश पडूनही भरत नाही, तो मृत चित्रबिंदू. टोपी लावल्यावर सगळेच काळे असते, त्यात हा काळा कसा वेगळा दिसणार? अमावास्येच्या रात्री विझलेला दिवा शोधण्यासारखेच ते आहे. त्याच्यासाठी एकसारखा उजेड हवा. ढगाळ दिवसाचे आकाश किंवा सावलीतला पांढरा कागद चालतो, आणि कागदाचा पोत दिसू नये म्हणून चित्र मुद्दाम अस्पष्ट ठेवायचे.

संवेदकावरच्या काचेवर बसलेली धूळही टोपीच्या परीक्षेत दिसत नाही. भरपूर उजेडात कॅमेरा आपले छिद्र लहान करतो, तेव्हा धुळीच्या कणाची सावली मऊ कडांच्या करड्या डागासारखी उमटते; छिद्र मोठे झाले की ती पसरून नाहीशी होते. मृत चित्रबिंदूचे तसे नाही. छिद्र लहान असो वा मोठे, तो तेवढाच आणि तिथेच असतो. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण धूळ साफ करता येते, मृत चित्रबिंदू जिवंत करता येत नाही.

दुसरा आक्षेप : कोणत्या परिस्थितीत?

आमच्या पत्रकात तापमानाचा उल्लेखच नव्हता. संशोधकाने हे विसरावे, याची आम्हाला आजही लाज वाटते. सिलिकॉन संवेदकातला अंधार-प्रवाह तापमान साधारण ६ ते ८ अंश सेल्सियसने वाढले की दुप्पट होतो. सोयीसाठी ७ अंश धरू. वातानुकूलित खोलीत २२ अंशांना तपासलेला कॅमेरा मे महिन्यात ४३ अंशांना वापरला, तर फरक २१ अंशांचा, म्हणजे तीन दुपटींचा. अंधार-प्रवाह आठपट! शिवाय चालू कॅमेरा आतून तापतो तो वेगळाच. दहा सेकंदांत तो कुठला तापायला? आम्ही थंड कॅमेऱ्याची परीक्षा घेतली आणि निकाल तापलेल्या कॅमेऱ्याला लावला.

दुसरी गोष्ट गेनची. उजेड कमी पडला की कॅमेरा संवेदकाकडून आलेला संकेत आपोआप मोठा करतो. १८ डेसिबल गेन म्हणजे संकेत सुमारे आठपट. गेन हाताने शून्यावर बांधून ठेवलेला असेल, तर हीच परीक्षा आठपट सौम्य होते. तापमानाचे आठ आणि गेनचे आठ मिळून चौसष्ट. एकाच चित्रबिंदूचा ठिपका एका परिस्थितीत दुसरीपेक्षा चौसष्टपट उजळ असू शकतो. काही कॅमेऱ्यांत मंद शटरची सोय असते. वाटी जितका जास्त वेळ मांडून ठेवावी तितकी ती अंधारातही अधिक भरते, तेव्हा आणखी भर पडते. मग "दोष आहे की नाही?" या प्रश्नाला परिस्थिती न सांगता उत्तर देता येईल का?

तिसरा आक्षेप : एका चौकटीवर निकाल

पत्रकाची आणखी एक उणीव उलट बाजूची आहे. चौकट थांबवून पाहिली की अनेकांना ठिपकेच ठिपके दिसतात आणि ते घाबरतात. इथे थोडे गणित करू. आपल्याकडच्या पाल पद्धतीत डीव्ही चित्रणाच्या एका चौकटीत ७२० × ५७६, म्हणजे ४,१४,७२० चित्रबिंदू असतात. प्रत्येकाच्या मोजमापात थोडा यादृच्छिक चढउतार असतोच. त्याला नॉइज किंवा गोंगाट म्हणतात. हा चढउतार प्रसामान्य वितरणाप्रमाणे आहे असे मानले, तर एखादा चित्रबिंदू सरासरीच्या वर चार प्रमाण विचलनांपेक्षा अधिक उडण्याची शक्यता सुमारे ३१,५०० त एक एवढी असते. शक्यता फारच कमी वाटते, पण चार लाखांवर चित्रबिंदूंपैकी सरासरी १३ जण प्रत्येक चौकटीत तशी उडी मारतातच. त्यांच्यात दोष काहीच नाही.

पुढच्या चौकटीतही १३ असतील, पण ते दुसरे. त्यांतला एखादा पुन्हा त्याच जागी दिसण्याची शक्यता सुमारे अडीच हजारांत एक. प्रत्यक्ष कॅमेऱ्यात चित्राचे आकुंचन आणि इतर प्रक्रिया होत असल्याने आकडे नेमके असेच येणार नाहीत, परंतु तत्त्व तेच राहते. गोंगाट जागा बदलतो, दोष जागा धरून बसतो. म्हणून एका चौकटीवरून "आहे" म्हणू नये आणि दहा सेकंद नुसते पाहून "नाही" म्हणू नये. टेप किंवा फाइल लावावी, मधूनमधून चौकटी थांबवाव्यात आणि ठिपक्यांच्या जागा कागदावर मांडाव्यात. काही सदोष चित्रबिंदू लहरीही असतात. काही काळ उजळतात, काही काळ शांत राहतात. त्यामुळे पाच चौकटींपेक्षा पन्नास बऱ्या.

चौथा आक्षेप : चोर दुसराच असेल तर?

ठिपका दिसला म्हणजे संवेदकच दोषी, असेही नाही. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्याचे स्वतःचे चित्रबिंदू बिघडलेले असू शकतात. चित्रण दुसऱ्या पडद्यावर लावले की ठिपका नाहीसा होतो. टेपवरची माहिती मध्येच गळली तर चित्रात चौकोनी ठोकळे दिसतात; ते क्षणिक असतात. रात्री दिव्यावर कॅमेरा रोखल्यावर दिव्यातून वर-खाली जाणारा उभा पट्टा हा सीसीडीच्या रचनेचा गुण आहे. दिवा चौकटीबाहेर नेला की तो जातो. संवेदकातला सदोष उभा स्तंभ मात्र दिव्याशिवायही राहतो.

दोन सोपे प्रयोग मुलांना करून पाहता येतील. भिंगाचा झूम फिरवला तर दृश्य मोठे होते, पण संवेदकातला ठिपका तेवढाच आणि तिथेच राहतो. डिजिटल झूम लावला तर तो ठिपकाही मोठा होतो, कारण तिथे प्रकाशाऐवजी नोंदलेले चित्र ताणले जात असते. आणि एक फसवी गोष्ट : हात हलला तरी चित्र स्थिर ठेवण्याची इलेक्ट्रॉनिक सोय चालू असेल, तर कॅमेरा संवेदकावरची वाचायची खिडकीच सरकवतो, आणि मग जागा धरून बसलेला दोषही चित्रात हलताना दिसतो. ही सोय परीक्षेपूर्वी बंद करावी. जुन्या काचनळीच्या टीव्हीवर पाहत असाल तर चित्राच्या कडा पडद्याबाहेर जातात, तिथले दोष दिसतच नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे.

"निर्दोष" म्हणजे काय?

आता मुख्य आक्षेप. लाखो चित्रबिंदूंत एकही खोट नसलेला संवेदक बनवणे कठीण आणि महाग असते. म्हणून कारखान्यात सदोष चित्रबिंदू शोधून त्यांचे पत्ते कॅमेऱ्याच्या स्मृतीत ठेवले जातात, आणि चित्र बनवताना त्यांच्या जागी शेजाऱ्यांवरून काढलेली किंमत भरली जाते. गैरहजर मुलाच्या उत्तरपत्रिकेवर बाजूच्या दोघांच्या गुणांची सरासरी टाकण्यासारखेच हे आहे. एरवी चित्र पाहायला याने काही बिघडत नाही. पण आपण टोपी लावून पाहतो तो संवेदक नव्हे, तर ही डागडुजी झाल्यानंतरचे चित्र असते. "मला दोष दिसला नाही" एवढेच म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे. "दोष नाही" हे विधान त्याहून फार मोठे आहे.

शिवाय ही यादी कायमची नसते. विश्वकिरणांमुळे वातावरणात निर्माण होणारे न्यूट्रॉन सिलिकॉनच्या अणूंना जागेवरून हलवतात आणि नवे हॉट पिक्सेल जन्माला येतात. कॅमेरा बंद करून कपाटात ठेवला तरी हे थांबत नाही, आणि विमानाच्या उंचीवर ते अधिक होते. संवेदकांचे अभ्यासक अल्बर्ट थ्यूविसेन यांनी याविषयीचे प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध केले. काही व्यावसायिक व्हिडिओ कॅमेऱ्यांत भिंग झाकून नवे दोष शोधण्याची आणि यादीत घालण्याची सोय म्हणूनच दिलेली असते. परीक्षेचा निकाल त्या दिवसापुरता असतो.

कोणतीही झटपट परीक्षा पकडू शकणार नाही असेही दोष असतात. ऑक्टोबर २००५ मध्ये सोनी कंपनीने जाहीर केले की तिच्या काही सीसीडी संवेदकांतील अंतर्गत जोडणी उष्ण आणि दमट हवेत सुटू शकते, आणि मग चित्र विस्कटते किंवा येतच नाही. हे संवेदक अनेक कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत बसवलेले होते, आणि दुरुस्तीच्या घोषणा एकामागून एक झाल्या. कारखान्यातून निघताना ते संवेदक ठीकच होते. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या जुलैची हवा आठवली, तर "परिस्थिती कोणती?" हा प्रश्न आपल्यासाठी पुस्तकी नाही हे पटेल.

मग कॅमेरा फेकून द्यावा का?

मुळीच नाही. शिबिरातल्या त्या संध्याकाळी आमची दुसरी चूक होता होता राहिली. ठिपका दोषाचा ठरल्यावर एक शिक्षक म्हणाले, "सगळे चित्रण बाद करा." आम्हीही मान डोलावली. त्याच मुलीने हट्ट धरला म्हणून चित्रण एकेक चौकट करून पाहिले. काही ठिकाणी अडकित्त्याच्या पात्यांपाशी एक फिकट, पसरट उजेड एखाद्याच चौकटीत दिसत होता. तो ठिपक्यापासून दूर होता. चित्रणात आवाजही नोंदलेला होता. ज्या चौकटीत उजेड, त्याच चौकटीशी खडा तुटल्याचा "कट्" आवाज जुळत होता. चौकट ४० सहस्रांश सेकंदांची. मीटरभर अंतरावरून आवाज यायला लागतात जेमतेम ३. जुळणी योगायोगाची नव्हती. सगळ्याच खड्यांच्या बाबतीत ती मिळाली नाही, पण काहींच्या बाबतीत नक्की मिळाली.

म्हणजे ज्या ठिपक्यासाठी टाळ्या पडल्या तो प्रयोगाचा भाग नव्हता, आणि प्रयोगाचे खरे फळ आम्ही कचऱ्यात टाकायला निघालो होतो. दोन्ही चुकांचे मूळ एकच. आम्हाला "निर्दोष" आणि "बाद" हे दोनच शिक्के ठाऊक होते. ज्या दोषाची जागा आणि वागणूक माहीत आहे तो निरीक्षणाच्या आड येत नाही. तो वजा करता येतो. प्रयोगाच्या आधी आणि नंतर टोपी लावून थोडे चित्रण करून ठेवले की दोषांचा नकाशा आपोआप तयार होतो. खगोलशास्त्रज्ञ आपल्या सीसीडी कॅमेऱ्यांनी अंधार-चौकटी घेतात त्या याचसाठी. टोपीची परीक्षा वाईट नव्हती. निकाल देण्याच्या कामी ती जुंपली, हे चुकले. नोंद करण्याच्या कामी ती उत्तम आहे.

जुन्या पत्रकाऐवजी आम्ही आता एवढेच सांगतो. कॅमेरा वीस मिनिटे चालू ठेवा. खोलीचे तापमान, गेन आणि शटरचा वेग लिहा. स्थिरतेची सोय आणि डिजिटल झूम बंद करा. टोपी लावून एक मिनिट आणि पांढऱ्या कागदावर एक मिनिट चित्रण करा. ते दुसऱ्या पडद्यावर लावून किमान पन्नास चौकटी तपासा आणि जागा धरून बसलेले ठिपके आलेख-कागदावर मांडा. शेवटी "निर्दोष" लिहू नका. "३४ अंशांना, १८ डेसिबल गेनवर, पन्नास चौकटींत स्थिर असे दोन ठिपके दिसले" असे, किंवा "एकही दिसला नाही" असे लिहा. तारीख घाला. सहा महिन्यांनी पुन्हा करा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहा.

डिजिटल कॅमकॉर्डर आता दुकानांत क्वचितच दिसतात. शाळांच्या कपाटांत मात्र ते पडून असतात, आणि या प्रयोगासाठी एखादा जुना कॅमेरा नव्यापेक्षा बरा. आज मुलांच्या हातात मोबाइल आहेत. त्यांतले कॅमेरे अनेक चौकटी एकत्र करून, गोंगाट पुसून, चित्र गुळगुळीत करून देतात. तिथे डागडुजी अधिक खोल झाली आहे, म्हणून "मला दिसले नाही" आणि "नाही" यांतला फरक शिकवण्याची गरजही अधिक आहे.

ती मुलगी ठिपक्याविषयी बोलली तेव्हा तिला सीसीडी, अंधार-प्रवाह, गेन यांतले काही ठाऊक नव्हते. तिने एवढेच पाहिले की कारण घडण्याआधीच परिणाम हजर आहे. आमच्याकडे पदवी होती, पत्रक होते आणि "निर्दोष" असा शेरा होता. त्या शेऱ्यामुळेच आम्ही पाहायचे थांबलो होतो. वर्गात एखादे उपकरण "तपासलेले आहे" म्हणून मुलांच्या हाती देताना कसे तपासले हेही त्यांना सांगावे, आणि जमल्यास त्यांच्याकडूनच पुन्हा तपासून घ्यावे.